वीस मिनिटांत उठवणारी खुर्ची

आमच्या कारखान्यात येऊन लोकांनी आजवर नाना तऱ्हेच्या खुर्च्या मागितल्या. कंबर धरलेल्यांनी मागितल्या, गुडघे न वाकणाऱ्यांनी मागितल्या, एकाला तर फक्त चपला घालण्यापुरती खुर्ची हवी होती. पण बसणाऱ्याला टोचेल अशी खुर्ची मागणारं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कॉफीवाल्या बाई.

मोठ्या रस्त्यावर त्यांचं नवं कॉफीचं दुकान होतं. बाई चांगल्या उंच, आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरताना त्यांना मान तिरकी करावी लागली. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत, उभ्या उभ्याच त्यांनी आपलं दुखणं सांगितलं. गिऱ्हाईक येतं, एक कॉफी घेतं आणि दुपारभर ठाण मांडून बसतं. उठा म्हणता येत नाही आणि बाहेर उभी असलेली माणसं निघून जातात. तेव्हा खुर्ची दिसायला देखणी हवी, पण बसणारा वीस मिनिटांत आपणहून उठला पाहिजे. अशा चाळीस खुर्च्या. आधी एक नमुना दाखवा, पटला तर ऑर्डर तुमची.

"होईल," मी म्हणाले. बाबांनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, कारण ते काय बोलतील ते मला ठाऊक होतं.

चाळीस! बाई गेल्यावर मी शेडमध्ये दोन गिरक्या घेतल्या आणि आत्याच्या वेताच्या भेंडोळ्यात पाय अडकून आपटले. उठून पुन्हा हसत सुटले. चाळीस खुर्च्या एका फटक्यात आमच्याकडे कुणी कधी मागितल्या नव्हत्या. आमची पद्धतच मुळी तशी नव्हती. बाबा खुर्ची करतात ती माणसाचं माप घेऊन, शिंपी सदरा शिवतो तशी. गिऱ्हाईकाला बाकावर बसवायचं, टाचेपासून गुडघ्यापर्यंत टेप लावायची, मग मांडी, मग पाठ. त्यावरून बाबा सांगाडा करणार, आत्या वेत विणणार किंवा गादी भरणार, दादा पॉलिश मारणार. खुर्ची अशी होते की बसलेला माणूस बोलता बोलता पेंगायला लागतो. फक्त अशी खुर्ची माणूस आयुष्यात एकदाच घेतो. ती मोडतही नाही, हीसुद्धा आमची एक अडचणच.

त्यामुळे धंदा बसला होता. लोक गोदामातून तयार खुर्च्या उचलतात आणि त्या डगमगल्या की दुसऱ्या उचलतात. दादा माझा चुलतभाऊ, काका गेल्यापासून आमच्याच घरात वाढलेला. त्याला त्याच गोदामात कायमची नोकरी चालून आली होती. पहिल्या तारखेपासून यायचं, तेवढा फोन करून होकार कळवायचा. कार्डबोर्डची खोकी ठेवायला जागा शोधणारा एक माणूस आमच्या शेडवर डोळा ठेवून होता आणि बाबांनी त्याला जवळजवळ होच म्हटलं होतं. मी विम्याच्या ऑफिसातली नोकरी सोडून घरी आले ती हे ऐकून. तीन माणसांच्या हातात एवढी कला आणि आपण खोकी ठेवायची? मी घर डोक्यावर घेतलं. जेवणाच्या टेबलावर असं काही बोलले की आत्याने माझ्या पुढ्यातला पाण्याचा ग्लास लांब सरकवला. शेवटी बाबा म्हणाले, एक मोठी ऑर्डर आणून दाखव, कारखान्याच्या चाव्या तुझ्या. नाही आली तर दादा गोदामात आणि शेडमध्ये खोकी.

आणि ऑर्डर अशी चालत दारात आली होती. मला आकाश ठेंगणं झालं होतं.

बाबांना मात्र सुतक लागल्यासारखं झालं. मी कागदावर चित्र काढलं. पाठ सरळसोट, बैठक अरुंद, पाठीची आडवी पट्टी नको तिथे. ते चित्र त्यांनी लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

"ह्यावर बसणार कोण?"

"गिऱ्हाईक."

"उंच की बुटकं?"

"कुठलंही, बाबा. चाळीस खुर्च्या आहेत. येईल तो बसेल."

"कुठलंही असं माणूस नसतं," बाबा म्हणाले आणि चित्र घेऊन रंध्याकडे गेले.

नमुन्याला दोन दिवस लागले. आत्या येता जाता सुस्कारे टाकत होती. बैठकीला गादी घालायची नाही म्हटल्यावर तिला काम उरलं नव्हतं, म्हणून तिने माझेच जुने कपडे काढून टाके घालायला घेतले. दादा गुमान सँडपेपर घासत होता. नमुना तयार झाला तेव्हा सगळ्यात आधी मी बसले. आणि काय सांगू, असली वाईट खुर्ची मी जन्मात पाहिली नव्हती. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते, मांडीखाली कड रुतत होती, आडवी पट्टी थेट मानेच्या मुळाशी लागत होती. पाच मिनिटांत मी उठले आणि बाबांच्या गळ्यातच पडले. आत्या बसली, तिनेही लगेच उठून कंबर चोळली. दादा आडव्या अंगाचा, त्याला तर नीट शिरताच येईना. दिसायला मात्र खुर्ची अशी सुबक होती की बघत राहावं. बाबांनी इतक्या मुकाट्याने माझं ऐकलं, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. पण मी हवेत होते.

नमुना घेऊन आम्ही तिघं टेम्पोतून निघालो. आत्या येते म्हणाली नाही, आपल्या घरची अशी खुर्ची चारचौघांत दाखवायला तिला लाज वाटत होती. वाटेत मी दादाला म्हटलं, गोदामाला फोन करू नकोस, जरा थांब. तो हसला नुसता. त्याच्या हसण्यात होकार की नकार, हे मला लहानपणापासून कधी कळलेलं नाही.

कॉफीच्या दुकानात दुपारची गर्दी सुरू व्हायची होती. तिथे काम करणाऱ्या तीन मुली फ्रिजला पाठ टेकून, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत उभ्या होत्या. बाई गल्ल्यापाशी उभ्या. दादाने खुर्ची मधोमध ठेवली. बाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली, लाकडावरून हात फिरवला, छान म्हणाल्या आणि बसल्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

बाई बसल्या. त्यांनी पाठ टेकली, तळवे जमिनीवर पसरले आणि डोळे अर्धवट मिटले. मी म्हटलं, कळेल आता. त्यांनी फोन काढला, दूधवाल्याशी बोलल्या, मग बहिणीशी बोलल्या, मग बहिणीच्या नवऱ्याशीही बोलल्या. दाराची घंटी वाजली, गिऱ्हाईक आलं, बाईंनी नुसतं बोट हलवून एका मुलीला गल्ल्यावर पाठवलं. स्वतःसाठी कॉफी मागवली. वीस मिनिटं होऊन गेली, त्याच्या पुढे आणखी तेवढीच गेली, तरी बाई ढिम्म. तिन्ही मुली एकमेकींकडे बघत होत्या. मालकीण बसलेली त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली होती.

मी वळून बाबांकडे पाहिलं तर बाबा छताकडे बघत होते. छतावर काहीही नव्हतं.

"बाबा," मी दातओठ खात कुजबुजले, "तुम्ही हिचं माप घेतलंत?"

"टेप नव्हती लावली," ते म्हणाले.

"मग?"

"ती तासभर समोर उभी राहून बोलत होती. मी दुसरं काय बघणार? डोळ्यांनी आपोआप घेतलं जातं. आणि चित्र तुझंच आहे, मी फक्त उंची तिच्याप्रमाणे धरली."

असा घोळ आमच्याच घरात होऊ शकतो. चाळीस परक्या माणसांसाठी खुर्ची करायला सांगितली आणि यांनी ती त्या चाळिसांत कधीही न बसणाऱ्या एकीच्या मापाची केली. बाईंची उंची जगावेगळी, कुठलीच तयार खुर्ची त्यांच्या मापाची मिळाली नसणार, आणि इथे पहिल्यांदा त्यांचे गुडघे, मांड्या, पाठ सगळं जागच्या जागी बसलं होतं. मला टोचलं, आत्याला टोचलं, दादाला टोचलं, कारण ती आमची नव्हतीच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वडील नसते तर काय बोलले असते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अखेर बाईंचं घड्याळाकडे लक्ष गेलं आणि त्या दचकून उठल्या. चेहरा पडलेला. म्हणाल्या, खुर्ची सुरेख आहे, पण असल्या चाळीस घेतल्या तर माझं गिऱ्हाईक इथेच मुक्काम करेल. माफ करा, जमणार नाही.

मी काखा वर करणाऱ्यांतली नाही. "एक मिनिट," मी म्हणाले आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेले. तिथे शेजारच्या औषधांच्या दुकानाचे मालक कॉफी घेऊन बसत होते. मध्यम उंचीचे, पोट सुटलेले, बाईंच्या तक्रारीतलं ठाण मांडून बसणारं गिऱ्हाईक ते हेच, हे मला मुलींच्या नजरेवरूनच कळलं होतं. मी त्यांना म्हटलं, जरा ह्या खुर्चीत बसून बघता का, नवी आहे. ते हौसेने बसले. मग पुढे सरकले. मग मागे सरकले. एक पाय वर घेतला, खाली सोडला, पाठीमागे हात घालून पट्टी कुठे लागते ते चाचपलं. कप अर्धा झाला नाही तोच उठून उभे राहिले आणि म्हणाले, आज काही बसवत नाही बुवा.

बाईंचे डोळे चमकले. त्यांनी आणखी एक गिऱ्हाईक बसवलं, मग एका मुलीला बसवलं. मुलीचे पाय लोंबकळले आणि ती ओशाळून उतरली. "हेच," बाई म्हणाल्या, "अगदी हेच हवंय मला. चाळीस करा. आणि ही नमुन्याची मला ठेवा, गल्ल्यामागे."

मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. गेलेली ऑर्डर परत आली होती! मी दादाच्या पाठीत गुद्दा घातला, बाईंचा हात दोन्ही हातांत धरून हलवला, आणि लाकूड कुठून आणायचं, आगाऊ किती घ्यायचे याचे आकडे डोक्यात पळायला लागले होते तेवढ्यात बाबा बोलले.

"मी नाही करणार."

बाबा ज्या मुलीचे पाय लोंबकळले होते तिच्याकडे बघत होते.

"चाव्या आजच घे," ते मला म्हणाले, अगदी हळू. "शब्द दिलाय, कारखाना तुझा. सुतार दुसरा बघ, मी अडवणार नाही. पण माणसाला उठवून लावणारी खुर्ची चाळीस वेळा माझ्या हातून व्हायची नाही. ही एक केली तीसुद्धा बसणारीसाठीच झाली."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इथवर सगळं ओढून आणलं आणि आता हे. खोकी चालतील, दादा परक्याच्या गोदामात चालेल, पण एक वाकडी खुर्ची चालत नाही? मी दादाकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता. मला रडू येत होतं आणि ते रागाचं होतं की कशाचं, मला ठरवता येईना. दुसरा सुतार मिळाला असता, मिळतातच. पण मग शेडमध्ये बाबा नाहीत, आत्या नाही, आणि मी चाव्या खुळखुळवत कोणाचा कारखाना चालवणार होते?

रागातच मी औषधवाल्यांकडे वळले. सगळा दोष त्यांचाच असल्यासारखं मी त्यांना विचारलं की एका कॉफीवर तुम्ही रोज इतका वेळ बसता तरी का.

ते बिचारे गांगरले. "दिवसभर उभा असतो हो काउंटरला," ते म्हणाले. "बसायला म्हणून इथे येतो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग फ्रिजला टेकलेल्या मुलींकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाई आता उभ्या होत्या, पण त्यांचा एक हात अजून खुर्चीच्या पाठीवर होता. काचेतून पलीकडचा रस्ता दिसत होता. केस कापणारा उभा. चष्म्याच्या दुकानातली मुलगी उभी. झेरॉक्सवाला उभा, चपलांच्या दुकानातले दोघे उभे. अख्खा रस्ता उभा होता! आणि आम्ही गाढवं, बसलेल्यांना उठवायच्या मागे लागलो होतो.

"बाई," मी म्हणाले, आणि माझा आवाज इतका चढला की मलाच कळलं, "चाळीस नकोत. ही खुर्ची तुमची आहे, ती तुम्हाला विकते. तुमच्या तीन मुलींना तीन करून देते, जिच्या तिच्या मापाच्या. ह्यांना काउंटरमागे उंच पायांची देते. ह्यांना आपल्या दुकानात बसायला मिळालं की तुमचं टेबल आपोआप रिकामं होईल."

औषधवाले म्हणाले की ते अगदी खरं आहे. बाईंनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. स्वतःची घेते, म्हणाल्या, पण मुली बसल्या तर काम कोण करणार?

"तुम्ही आज बसला होतात," मी म्हणाले. "काम थांबलं होतं का?"

बाईंनी गल्ल्याकडे पाहिलं. एका मुलीने गल्ला सांभाळला होता, दुसरीने कॉफी केली होती, सगळं बाईंच्या डोळ्यांदेखत झालं होतं. त्यांनी भाव विचारला. बाबा अशा वेळी नेहमी चाचरत काहीतरी पुटपुटतात आणि ते लाकडाच्या खर्चाहून जेमतेम वर असतं. मी त्यांच्या पायावर पाय ठेवला आणि त्यांच्या भावाच्या तिप्पट भाव सांगितला. निम्मे आगाऊ. बाबांना ठसका लागला. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे पाहिलं आणि कसलीही घासाघीस न करता चार खुर्च्यांचे आगाऊ पैसे मोजून दिले. तीन मुलींपैकी सगळ्यात लहान जी होती तिने तोंडावर हात धरला.

चार म्हणजे चाळीस नव्हेत, एवढं गणित मलाही येतं. तिघांचे पगार चारांवर निघत नाहीत. म्हणून मी तिथे थांबलेच नाही. बाबांच्या बाहीला धरून रस्ता ओलांडला आणि केस कापणाऱ्याच्या दुकानात शिरले. तो म्हणाला, बसून केस कसे कापणार? मी म्हटलं, दोन गिऱ्हाइकांच्या मधे काय करता? तो कात्री पुसायला लागला. तेवढ्यात बाबांनी त्याच्या पोटऱ्यांकडे पाहून विचारलं, डावा पाय जास्त दुखतो का? त्या माणसाने कात्री खाली ठेवली आणि डाव्या पायाची सगळी कथा सांगायला बसला, म्हणजे उभाच राहिला, दुकानातली खुर्ची गिऱ्हाइकाची, त्याला बसायला होतं कुठे?

दुपार कशी गेली कळलं नाही. बाबा एका दुकानातून दुसऱ्या दुकानात असे चालत होते की मला त्यांच्यामागे धावावं लागत होतं. काचेबाहेरूनच ते मला सांगायचे, हिला पाय टेकायला पट्टी लागेल, ह्याला पाठ नको, नुसती उंच बैठक. मी आत जाऊन भाव सांगायचे. चष्म्याच्या दुकानात जमलं. चपलांच्या दुकानात मालक हो म्हणाला, मग नाही म्हणाला, मग आम्ही पुढच्या दुकानात शिरलो तेव्हा मागून येऊन पुन्हा हो म्हणाला. झेरॉक्सवाल्याने हाकलून दिलं. त्याच्याशी मी भांडले, तरी त्याने घेतली नाही. कुणाला इतका भाव परवडेना तर हप्ते बांधून दिले, पण निम्मे आगाऊ सोडले नाहीत, कारण लाकूड उधारीवर मिळत नाही. संध्याकाळपर्यंत घसा बसला होता, पाय ओरडत होते आणि पर्समध्ये दोन महिन्यांच्या लाकडाचे पैसे होते. चाळीस झाल्या नव्हत्याच. पण मोठ्या रस्त्याला अजून दुसरी बाजू होती, आणि शहरात रस्ता काय एकच असतो?

टेम्पोपाशी परत आलो तर दादा मागच्या फळीवर पाय सोडून बसलेला. मी त्याला भराभर सगळं सांगायला लागले, कोण काय म्हणालं, बाबा कसे पळत होते, त्या झेरॉक्सवाल्याचं नाक कसं आहे. तो ऐकत होता. मग मी जरा थांबले, कारण त्याला खोटं सांगून ठेवून घ्यायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, दादा, गोदामात पगार नक्की आहे. आमच्याकडे दोन महिने नक्की आहेत, पुढचं मला माहीत नाही. तुला जायचं असेल तर जा, मी रागावणार नाही.

"तू रागावणार नाहीस?" तो म्हणाला.

"रागावेन," मी कबूल केलं. "पण जा."

बाबा टेम्पोच्या पलीकडे उभं राहून चाकाची हवा बघत होते. हवा ठीक होती. त्यांनी तरी खाली वाकून दुसरंही चाक पाहिलं.

दादाने खिशातून फोन काढला आणि नंबर लावला. पलीकडून कुणीतरी बरंच काही बोलत होतं, बहुधा कधी येताय असं विचारत होतं. दादाने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या नखांत अजून पॉलिश होतं आणि तो ते अंगठ्याने काढत होता.

"नाही, साहेब," तो शेवटी म्हणाला. "पहिल्या तारखेला नाही जमणार. नंतरही नाही. घरी काम आहे."